डॉक्टरच्या गाडीचा डायनॅमो

अहो, डायनॅमो काढला. आधी हे सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला काय बोलायचं ते बोलून मोकळे व्हाल आणि पुढचं नीट ऐकाल. गॅरेजवाल्या रशीदभाईंनी काढला, मी समोर खुर्ची टाकून बसले होते. आपल्या श्रीकांतने पुण्याहून येताना आल्टरनेटर आणला होता. तुमचा डायनॅमो फेकलेला नाही, भंगारातही घातलेला नाही. पुसून, तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून जिन्याखालच्या फळीवर ठेवलाय. आता रागवा.

तुम्ही गेल्यापासून मी घरात बऱ्याच गोष्टी तुमच्या मनाविरुद्ध करून पाहिल्या. पुढच्या खोलीचा पंखा दिवसा चालू ठेवला. चहा पितळी पातेल्यात न करता स्टीलच्या पातेल्यात केला. तुमची आरामखुर्ची खिडकीपासून हलवली, मग संध्याकाळी परत तिथेच नेऊन ठेवली. कुठून काही आवाज येत नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाने डाळीत हिंग जास्त पडला तरी शेजाऱ्यांना कळेल एवढ्यांदा बोलून दाखवलं, तो माणूस एकदम इतका समजूतदार होतो, याची मला सवय होत नाही.

गाडी आपल्याकडे आली तेव्हा श्रीकांत रांगत होता. गावातले म्हातारे डॉक्टर मुलाकडे परदेशी निघाले आणि त्यांची ती काळी विलायती गाडी तुम्ही घेतलीत. लहानपणी वाटूरहून जालन्याला आलात की डॉक्टरांच्या दारात उभ्या असलेल्या त्या गाडीला हात लावून पळून जायचात, हे तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. गाडी आपली झाली तरी तिचं ‘डॉक्टरची गाडी’ हे नाव काही बदललं नाही. तुम्ही पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून, पण आपण वाटूरला गेलो की पारावरची माणसं उठून विचारायची, कोणाकडं कोण आजारी हाय? आणि तुम्हाला त्याचं इतकं बरं वाटायचं की तुम्ही ते कधी खोडून काढलं नाही. एकदा तर एका म्हातारीची नाडीसुद्धा बघितलीत. मी तोंडाला पदर लावून गाडीत बसून होते.

डायनॅमोचं मला तुम्हीच शिकवलंत. गाडी पळते तेव्हा डायनॅमो वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो. पण त्याला वेग लागतो. गाडी हळू चालली की तो काही देत नाही, आणि त्यात दिवे लावले की आहे ती बॅटरीही संपून जाते. आल्टरनेटर मात्र गाडी जागेवर नुसती सुरू ठेवली तरी बॅटरी भरतो. हे सगळं तुम्ही पाटावर खडूने चित्र काढून समजावलंत, आणि मला ते समजलं. मी म्हटलं, मग आल्टरनेटर बसवा. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुमचं म्हणणं एकच असायचं. गाडीच्या जन्माबरोबर जे आलं ते काढायचं न्हाई. मी म्हणायचे, तुमच्याही जन्माबरोबर दात आले होते, कवळी बसवलीत ना. त्यावर तुम्ही कवळी काढून ताटाशेजारी ठेवायचात आणि जेवण तसंच अर्धवट सोडून उठायचात. रविवारी डायनॅमो उघडून बसायचात. त्याचे कार्बन घासून बारीक झालेले असले की नवे बसवायचे, आतलं तांबं पॉलिश पेपरने पुसायचं, आणि बाहेर उजेडात धरून मला हाक मारायची. बघ, अजून कसा सोन्यासारखा हाय. मी बघायला यायचे नाही. आता वाटतं, यायला काय झालं होतं.

पण माझाही राग काही उगाच नव्हता. त्या डायनॅमोपायी आपण आयुष्यभर दिवस मावळायच्या आत घरी आलो. कुणाच्या लग्नाची वरात पाहिली नाही, कुणाच्या पोराच्या बारशाला पाळणा म्हणायला थांबलो नाही. मला बाकी कशाचं काही नाही, भाऊबीजेचं वाईट वाटायचं. माझं माहेर टेंभुर्णी, जालन्यापासून तसं काही लांब नाही. पण चार वाजले की तुम्ही आभाळाकडे बघायला लागायचात. त्यामुळे भर दुपारी तीन वाजता भावाला ओवाळणारी अख्ख्या टेंभुर्णीत मी एकटी. माधवदादा जेवून लवंडलेला असायचा, त्याला उठवून पाटावर बसवायचे. वहिनी म्हणायची, आमच्या वन्सं भाऊबीज न्हाई, भाऊझोप करत्यात. सगळे हसायचे, मीही हसायचे. आणि राजूर येईपर्यंत तुमच्याशी बोलायचे नाही. राजूरला गणपतीला हात जोडले की पुन्हा भांडायला सुरुवात.

आणि बॅटरी. गाडी गावातल्या गावात फिरून आली की बॅटरी भरलेली नसायची, म्हणून संध्याकाळी ती काढून व्हरांड्यात चार्जरला लावायची आणि सकाळी परत नेऊन बसवायची. तिला तुम्ही खाटेच्या नवारीचा पट्टा केला होता. एक टोक तुमच्या हातात, एक माझ्या. पायरी आली की तुम्ही म्हणायचात, हळू. मी म्हणायचे, मी हळूच आहे, तुम्हीच घाई करताय. रोज हेच. माझ्या किती साड्यांना तेजाबाची भोकं पडली त्याचा हिशेब नाही. शेजारच्या बायका संध्याकाळी देवापुढे दिवा लावायच्या तेव्हा मी तुमच्याबरोबर बॅटरी उचलत असायचे.

त्यातल्याच एका साडीचा काठ फाडून तुम्ही ती लाल पट्टी केलीत. सगळ्या गाड्यांत बॅटरीचं उणं टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, आपल्या गाडीत उलटं, अधिकचं टोक पत्र्याला. जुन्या विलायती गाड्यांची तशीच रीत, असं तुम्ही सांगायचात. कुणी नवखा मिस्त्री चुकू नये म्हणून पत्र्याच्या तारेला तुम्ही माझ्या साडीची पट्टी बांधलीत आणि मला पाठ करून घेतलंत, लाल पट्टी अधिकला. मला पाढे येत नाहीत, पण हे झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

दवाखान्यात तुम्हाला बोलायला श्वास पुरत नव्हता. श्रीकांत औषधं आणायला खाली गेला होता. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं आणि तुम्हाला ठाऊक आहे हेही मला ठाऊक होतं. म्हणून मी आपलं नेहमीचं काढलं. म्हटलं, घरी चला, मग बघतेच, ह्या दिवाळीला आल्टरनेटर बसवल्याशिवाय मी टेंभुर्णीला येणार नाही. मला वाटलं होतं, तुम्ही डोळे वटाराल. नळ्या लावलेल्या असल्या तरी एक बोट वर करून नाही म्हणाल. तेवढं पुरलं असतं मला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू म्हणशील तसं."

मी बाहेर जाऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले. नर्सबाईंनी विचारलं, आजी, काय झालं? माझा नवरा माझं ऐकतोय म्हणून मी रडतेय, हे कुणाला कसं सांगणार? तुम्ही आता घरी येत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं नव्हतं. ते त्या बाकावर कळलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि सगळ्यांचे हात नीट जोडूनही झाले नव्हते तोवर कावळा शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, मोठं समाधानी माणूस, कशात जीव न्हाई अडकला. मला मात्र इतका राग आला की मी तोंड फिरवून उभी राहिले. कशातच नाही? श्रीकांतचं घर अजून व्हायचंय, माझे गुडघे हे असे, गाडीला पुढची दोन चाकं नवी घ्यायची म्हणत होतात. आणि डायनॅमो? मी तो काढणार हे माहीत असून तुम्हाला थोडंही थांबावंसं वाटलं नाही? लोक कावळा शिवावा म्हणून नवस बोलतात, आणि मी मनात म्हणत होते, जरा वेळ लावा हो.

त्यानंतर बरेच दिवस गाडी झाकूनच होती. श्रीकांत म्हणाला, आई, विकायची का? मी नाही म्हटलं. मग म्हणाला, ठेवायची तर मला चालवता आली पाहिजे, आणि पुण्याहून येऊन मी रोज बॅटरी उचलणार नाही. त्याचं बरोबरच होतं. त्याने आल्टरनेटर आणला. जुन्या मोंढ्यामागे ज्यांचं गॅरेज आहे आणि ज्यांच्याशी तुम्ही तीस वर्षं चहा प्यायलात त्याच रशीदभाईंना त्याने घरी बोलावलं. त्यांनी आधी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि मग अवजारं काढली.

दिवसभराचं काम होतं. डायनॅमोची पकड आल्टरनेटरला बसत नव्हती, ती कापून वेल्डिंग करून आणावी लागली. इंजिनावरून तो फिरवणारा पट्टा लांब पडला, दुसरा आणला. आल्टरनेटरला सगळ्या गाड्यांसारखंच, उणं टोक पत्र्याला लागतं, म्हणून त्यांनी बॅटरी फिरवून बसवली. गाडी सुरू केली. तुमचा तो अँपियरचा काटा, जो गाडी उभी राहिली की बॅटरी संपत चालल्याचं दाखवत कायम डावीकडे झोपायचा, तो सरळ उभा राहिला. श्रीकांतला आनंद झाला. रशीदभाई जाताना मला म्हणाले, "भाभी, आता बॅटरीला हात लावायचा न्हाई. काढायची न्हाई, घालायची न्हाई. बिलकुल." मी बरं म्हटलं. श्रीकांत दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला.

आता पुढचं ऐका, आणि हसू नका.

संध्याकाळ झाली आणि मला काही काम उरलं नाही. व्हरांड्यात चार्जर रिकामा. मी दोनदा आत-बाहेर केलं. मग वाटलं, एक दिवस काढली तर काय बिघडतंय, गाडी तर कुठे जायची नाही. मी बॅटरी काढली. नवारीची दोन्ही टोकं माझ्याच हातात, पोटाशी धरून, दर दोन पावलांना खाली ठेवत, व्हरांड्यापर्यंत आणली. पायरीपाशी मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, हळू. चार्जरचा दिवा लागला आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला बरी झोप लागली.

सकाळी परत नेली. लाल पट्टीची तार हातात घेतली आणि जशी तुम्ही शिकवली होती तशी अधिकला लावली. दुसरी तार टेकवली मात्र, चर्र झालं, ठिणगी उडाली आणि आल्टरनेटरमधून धूर निघाला. मी तार ओढून काढली आणि तिथेच फरशीवर बसले. जळक्या वासाने अंगण भरून गेलं.

तुम्हाला खरं सांगू का? मला बरं वाटलं. मला वाटलं, हे तुम्ही केलंत. दवाखान्यात म्हणालात ते मनापासून नव्हतंच, आणि हा तुमचा खरा नकार. मी रशीदभाईंना लगेच फोन केला नाही. बरेच दिवस घरात तुमच्याशी तावातावाने बोलत हिंडत होते. करा, जाळा, अजून काय जाळायचंय ते जाळा. डाळीत मुद्दाम हिंग जास्त घातला. शेजारची सुमन डोकावून गेली, तिला वाटलं पाहुणे आलेत.

शेवटी रशीदभाईच दिवाळीच्या आधी एकदा बघून जावं म्हणून आले. बॉनेट उघडलं आणि वास घेतल्याबरोबर त्यांना कळलं. लाल पट्टी कुठल्या टोकाला लावली, विचारलं. मी म्हटलं, अधिकला, हे लावायचे तशीच. ते कपाळाला हात लावून बंपरवर बसले. म्हणाले, चूक माझीच हाय, ती तार आता उण्याला लागती, तारा बदलल्या तवा ती पट्टी सोडायला पायजे होती, पण भाईनं बांधल्याली, माझा हात न्हाई झाला.

मी म्हटलं, चूक कुणाचीच नाही, ह्यांनाच नको आहे ते. राहू दे. डायनॅमो परत बसवा.

ते लाल पट्टीची गाठ सोडायला लागले. तेलाने घट्ट झाली होती, नखं लावून लावून सोडवली, माझ्या हातात दिली आणि मग म्हणाले, "भाभी, आत डायोड ऱ्हातेत, ते तार उलटी लागली की जळतेत. ह्याच्यात भाईचा काही हात न्हाई. भाई असते तं न्हाईच म्हणले असते, मला मालूम हाय. पर ते न्हाईत आता. तुमी सांगा, काय लावू?"

इतके दिवस सगळे येऊन बसत होते, गीतेतलं सांगत होते, देह आणि आत्मा सांगत होते. ते नाहीत, असं तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. मला त्या माणसाचा एक क्षण फार राग आला. मग मी म्हटलं, आल्टरनेटर लावा. त्यांनी जळालेले डायोड बदलले आणि तोच परत बसवला. मी खुर्ची टाकली नाही, आत जाऊन बसले.

काल भाऊबीज झाली. यंदा आपल्याला सण नाही, पण माधवदादा स्वतः येऊन सांगून गेला, बहिणीनं ओवाळायला कसला आलाय दुखवटा, तू ये. श्रीकांत दिवाळीला आला होता, आम्ही दोघं गेलो. तीन वाजले, चार वाजले. कुणीच आभाळाकडे बघेना. मीच दोनदा उठून अंगणात गेले. वहिनीला कळलं असावं, तिने मला पुरणाच्या पाट्याशी बसवून ठेवलं. दिवस मावळला, पणत्या लागल्या, आणि मग दादाला पाटावर बसवलं.

अहो, दुपारी ओवाळताना निरांजनाची ज्योत दिसतच नाही, तुमच्या कधी लक्षात आलं होतं? उन्हात नुसती वात दिसते आणि आपण ताट फिरवत राहतो. काल ती दिसली. ताट फिरलं तशी दादाच्या टोपीची सावली मागच्या भिंतीवर हलली. त्याचं तोंड इतकं आमच्या आबांसारखं झालंय, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, वहिनीने ताटाला खालून हात लावला. फार सुंदर झालं सगळं. मला हवं होतं तसंच झालं, आणि मला ते सहन होईना. कारण हे कधीही करता आलं असतं. श्रीकांत लहान होता तेव्हा, आबा होते तेव्हा, तुम्ही दारात उभे राहून बघत असताना. एका लोखंडाच्या नळकांड्यापायी तुम्ही हे मला मिळू दिलं नाहीत, आणि मिळालं तेव्हा तुम्ही नाहीत.

निघताना दादा म्हणाला, दाजी आज पायजे होते, खूष झाले असते. मी मान हलवली. पण तुम्ही खूष झाला नसतात. चार वाजल्यापासून गाडीत जाऊन बसला असतात, हॉर्न वाजवला असतात, आणि मी पदर खोचून बाहेर येऊन चारचौघांत बोलले असते.

परतीच्या रस्त्याला श्रीकांतने पूर्ण दिवे लावले. दोन्ही बाजूंची कपाशी पांढरी दिसत होती. राजूरच्या चौकात गर्दी होती, गाडी बराच वेळ उभी राहिली, दिवे होते तसेच राहिले. श्रीकांत म्हणाला, बघितलंस आई, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. मी हो म्हटलं.

मी जिंकले, असं सगळ्यांना वाटतंय. असं नव्हतं जिंकायचं मला. तुम्ही धडधाकट असताना, घरी, एखाद्या रविवारी, माझ्या बोलण्याला वैतागून हातातला पॉलिश पेपर फेकून म्हणायला हवं होतं, बसव तुझा तो आल्टरनेटर आणि गप बस. मग मी दोन दिवस मिरवलं असतं, आणि तुम्ही दोन दिवस जेवला नसतात. तेवढ्यासाठी मी आणखी चाळीस वर्षं भांडायला तयार होते. दवाखान्यात जे म्हणालात ते मला नको आहे. ते तेवढं परत घ्या.